तालमीतला गोल्फ

परदेशी कंपन्या आल्या तशी पुण्यात गोल्फ खेळणारी साहेबमंडळी वाढली. त्यांच्या काठ्यांची पिशवी मी खांद्यावर वाहायचो. मला स्वतःला खेळायचं होतं. कमरेत पीळ आणि मनगटात जोर हवा होता, पण तिथल्या जिमची फी बापालाही झेपली नसती. पावसाळ्यात गेवराईला परतलो आणि गावच्या तालमीत शिरलो. तिथली फी म्हणजे मारुतीला एक नारळ.

पण मातीत पाठ टेकल्याशिवाय कमरेला पीळ देणाऱ्या जड लाकडी मुदगलांना हात लावायचा नाही, असा वस्तादांचा नियम होता.

"मला कुस्ती न्हाई खेळायची!" मी ओरडलो. त्यांनी मानेला धरून आपटलं. मग रोज आपटलं. ओठ फाटला, नाकातोंडात माती गेली. मुदगल फिरवताना कंबर अडली की पाठीत छडी बसायची. मनातल्या मनात मी रोज त्यांचा मुडदा पाडायचो. कंबर मात्र मोकळी होत गेली.

शेवटी त्यांना माळावर नेलं आणि पुण्याहून आणलेल्या गोल्फच्या एका जुन्या काठीनं चेंडू हाणला. तो ओढ्यापलीकडं दिसेनासा झाला.

"आन समोरचा कुठाय?" वस्तादांनी विचारलं.

"समोर कुनी नसतं. नुसता चेंडू."

फाडकन कानाखाली बसली. "मग एवढा मार कावून खाल्लास बे?"

मी सदरा वर केला. बरगडीवरचा वण ते रोज बघत होते, बैलाचं शिंग लागलं असेल असं समजून.

"साहेबानं काठी घातलीय. एक चेंडू हरवला म्हनून."

वस्तादांनी वाकून दुसरा चेंडू मातीवर ठेवला.

"मार," ते म्हणाले. "समोरचा दिसला मला."