भाकरीच्या किमतीचं कुत्रं

दरोडेखोराच्या पहिल्याच घावात कुत्रं मेलं आणि आमचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू डोकं धरून बसला. कुत्रं कागदावरचं होतं. हा माणूस फाशांवर खेळायचा राक्षस-तलवारींचा खेळ तयार करतो. त्यात कुणाची ताकद किती, किंमत किती, सगळं तोच ठरवतो. रविवारी दुपारी त्याचे मित्र माझ्या ओट्यावर खेळून बघतात. किल्ल्याच्या राखणीचं कुत्रं तिसऱ्यांदा मेलं होतं आणि सोमवारी खेळाचं पुस्तक छापायला जायचं होतं.

"थोडक्यात सांगतो, आजी," म्हणून तो नेहमीसारखा अर्धा तास बोलला. कुत्र्याचा चावा दहापैकी सात, किंमत घोड्याएवढी. खऱ्या कुत्र्याला मात्र हा इतका भितो, की गल्लीतून छत्री पुढं धरून जातो.

"भुंकण्याला किती दिलेस?" मी विचारलं.

"भुंकण्याला काहीच नाही."

"मग ठेवलंस कशाला? कन्नड गावाला आमच्या मळ्यात कुत्रं कधी लढलं नाय. ते भुंकायचं, आम्ही काठ्या घेऊन उठायचो. आणि घोड्याएवढे पैसे कोण देतं? पिल्लू आणताना त्याच्या आईपुढं भाकरी ठेवायची, झालं."

त्यानं पेन्सिल सगळीकडं शोधली. कानावर होती, मी दाखवली. चावा दोन केला, भुंकणं नऊ, किंमत एक भाकरी. मित्र हसले, पण त्यानं खोडलं नाही.

पुन्हा फासे पडले. कुत्रं भुंकलं, शिपाई उठले, किल्ल्याच्या दारात मारामारी झाली. दरोडेखोर मेले, शिपाई मेले, सरदारही मेला. कुत्रं जगलं.