विष्णूकाकांच्या बंप स्टॉकचं विसर्जन

अमेरिकेतल्या नोव्हाय गावचे विष्णू घैसास, म्हणजे सगळ्यांचे विष्णूकाका, मोटारींच्या ब्रेकची चाचणी घेतात. गाडी कशी धावते यापेक्षा ती कुठे थांबते, यातच त्यांची उमेदीची वर्षं गेली. रायफलचा नाद त्यांना लागला तो प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यामुळे, वॉल्टमुळे. वॉल्ट त्यांना शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर न्यायचा आणि शेजारी उभा राहून म्हणायचा, "श्वास सोड, विश. मग बोट." कागदावरच्या वर्तुळात गोळी लागली की काकांच्या डोक्यातला आठवडाभराचा गोंगाट ओसरायचा.

निवृत्त होताना वॉल्टनं काकांना एक बंप स्टॉक भेट दिला. रायफलच्या मागच्या दस्त्याऐवजी बसवायचा प्लॅस्टिकचा तुकडा. गोळीच्या धक्क्यानं रायफल त्यात मागेपुढे सरकते आणि बोट जागचं हललं नाही तरी गोळ्या मशीनगनसारख्या सुटत राहतात. काकांनी तो एकदाच वापरला. नेम पार विस्कटला, पण ते लहान मुलासारखे हसले. खंडेनवमीला पान्हे, मोजपट्ट्या आणि लॅपटॉपच्या शेजारी त्यांनी रायफलही त्या तुकड्यासकट पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. शरयूकाकू हात जोडून म्हणाल्या, "देवा, हे एवढं सोडून बाकी सगळ्यात बरकत दे."

मग बंदी आली. लास वेगासला गर्दीवर झालेल्या गोळीबारात असेच तुकडे वापरले गेले होते. सरकारनं सांगितलं, मार्च २०१९च्या अखेरीपर्यंत ते नष्ट करा किंवा जमा करा. नंतर घरात सापडला तर गुन्हा. काकांची सिटिझनशिपची मुलाखत होती एप्रिलमध्ये. ग्रीन कार्डवाल्यावर बंदुकीचा गुन्हा शाबित झाला, तर सिटिझनशिप राहिली बाजूला, देशच सोडावा लागला असता. घर इथे, नोकरी इथे, लेकीचा, सियाचा जन्मही इथलाच.

रेंजवर दोन तट पडले होते. पोलिसातून निवृत्त झालेली डोना म्हणाली, "यानं साधं हरीण मारता येत नाही. गर्दी तेवढी मारता येते. जाऊ दे की!"

"आज प्लॅस्टिक, उद्या रायफल," वॉल्ट भडकला. "मी दुकानातून पावतीसकट घेतलाय. मग गुन्हेगार कधी झालो? झोपेत? मी नाही देणार. विश, तूही देऊ नकोस. माझ्या कोठारात ठेव."

काकांना डोनाचं पटलं. वॉल्टचंही पटलं. घरी येईपर्यंत दोघांचंही तितकंच पटत राहिलं, आणि त्यामुळे काकांना काहीच सुचेना.

शेवटी त्यांनी गॅरेजमध्ये करवत काढली. तुकडा शिकंज्यात धरला, तर त्याच्या खाचेत कुंकू दिसलं. करवत तशीच ठेवून ते घरात आले. "अगं, पूजेतली वस्तू कचऱ्यात कशी टाकू?"

फोनवर सिया होती. स्पीकरवरून म्हणाली, "बाबा, इट्स प्लॅस्टिक! जस्ट ब्रेक इट!"

"तिला काय कळतंय," असं पुटपुटत काकांनी तुकडा लाल फडक्यात बांधला, वर दोन अक्षता टाकल्या आणि तिन्हीसांजेला घरामागच्या तळ्यावर जाऊन नमस्कार करून भिरकावला.

तो बुडला नाही. काठाचं बर्फ वितळलं होतं, पण पुढे अजून पातळ थर होता. त्या पांढऱ्यावर ते लाल गाठोडं स्वच्छ दिसत राहिलं.

"छान," काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या. "आता पलीकडच्या बंगल्यातूनही दर्शन होईल. आणि बुडलं असतं तरी नष्ट थोडंच झालं असतं? उन्हाळ्यात कोणाच्या तरी गळाला लागून वर आलं असतं."

ब्रेक जन्मभर तपासलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं. काकांनी छपरावरचं बर्फ ओढायचा लांब दांड्याचा खोरणा आणला, गुडघाभर गार पाण्यात उतरून गाठोडं जवळ ओढलं. गॅरेजमध्ये जाऊन त्याचे तुकडे केले. प्रत्येक घाव घालण्याआधी क्षमा मागितली. कोणाची, हे त्यांना सांगता आलं नाही.

मुलाखतीत अधिकाऱ्यानं विचारलं, "पकडले गेला नाहीत, असा काही गुन्हा केलाय?" "नाही," काका म्हणाले, आणि ते खरं होतं. सिटिझनशिप मिळाली.

२०२४च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. सरकारला तसा अधिकारच नव्हता म्हणे. वॉल्टनं फोन केला. "सांगितलं होतं ना! उगाच कापलास. माझा अजून आहे. ये शनिवारी."

"मग बंदी चूक होती?" काकूंनी विचारलं.

"तसं नाही म्हणत."

"बरोबर होती?"

"तसंही नाही."

शनिवारी वॉल्टनं तुकडा लावलेली रायफल पुढे केली. काकांनी हात मागेच ठेवले. "वॉल्ट, या पाच वर्षांत तुझ्याकडे पोलीस आले असते तर?"

"भांडलो असतो. दंड, तुरुंग, काय व्हायचं ते होऊ दे. मग घरी आलो असतो."

"मी तेव्हा ग्रीन कार्डवर होतो. मला घरून उचलून भारतात पाठवलं असतं."

इतक्या शनिवारांत हे वॉल्टच्या मनातच आलं नव्हतं. "पण कायदा चूकच होता, विश," तो म्हणाला, आवाज मात्र खाली आला होता.

"असेल," काका म्हणाले. "मला अजूनही कळत नाही."

वॉल्टनं पुढे केलेली रायफल दोघांच्या मध्ये तशीच होती. ती वॉल्टनं खाली ठेवायची की काकांनी हातात घ्यायची, हे दोघांनाही ठरवता येईना.