न काढलेले दात

बाई खुर्चीत नीट टेकलीही नव्हती, तोवर तिच्या सासूने निकाल देऊन टाकला. "खालचे दोन दात हालत्यात, डाक्तर. तेवढे उपटा, म्हंजी सूज उतरंल."

दातांच्या डॉक्टरकडे लोक असेच येतात. बाकीच्या डॉक्टरांना विचारतात काय झालंय. आम्हाला सांगतात काय करायचं ते. पन्नासच्या दशकातली गोष्ट. चिंचवडला माझा लहानसा दवाखाना होता. ड्रिल पायाने चालवायचं, आणि पेशंटपेक्षा आमचेच पाय जास्त दुखायचे.

बाईचं नाव हौसा. कुरुळीची, विशी-बाविशीतली. नवरा बबन पिंपरीला नव्याने निघालेल्या पेनिसिलिनच्या कारखान्यात बाटल्या धुण्याच्या डिपार्टमेंटला होता. तिघं मोशीवरून बैलगाडीने आले होते. हौसाने पदर तोंडावर धरला होता, तो मी दोनदा सांगितल्यावर काढला.

आत सगळं काळं. मिश्री. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून केलेली ही पूड आपल्या बायका दातांना लावतात. हिरड्या सैल झाल्या की मिश्रीने आवळतात, अशी ठाम समजूत. हौसाला रक्त यायला लागलं तशी सासू तिला उठता-बसता मिश्री लावायला लावत होती. दुष्टाव्याने नव्हे, तिच्या आईने तिला हेच शिकवलं होतं. पण त्या काळ्या थराखाली हिरडीचा रंग काय आहे, हे घरात कुणालाच दिसलं नव्हतं.

मी कापसाच्या बोळ्याने थर पुसत गेलो. निरोगी हिरडी गुलाबी आणि घट्ट असते. ही पांढुरकी, मऊ, फुगून दातांवर चढलेली. पुढचे दात निम्मेअधिक तिच्यात बुडाले होते. नुसत्या कापसाने रक्त झिरपायला लागलं ते थांबेना. टाळूवर जांभळे ठिपके होते. जबड्याखाली गाठी हाताला लागल्या. विचारलं तेव्हा कळलं की रोज संध्याकाळी ताप येतो आणि दळताना दम लागतो.

तोंड म्हणजे शरीराचा उंबरा. आत काय चाललंय त्याची कुणकुण तिथे लागते. अंगात रक्त कमी झालं की जीभ गुळगुळीत होते. मधुमेह वाढला की हिरड्यांत पू होतो आणि न किडलेले दातही हलायला लागतात. हौसाच्या तोंडात जे होतं ते मी शिकत असताना एकदाच पाहिलं होतं. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. शरीरात जिथे रक्त तयार होतं तिथेच बिघाड होतो, कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि हिरड्यांत येऊन साठतात. अशा माणसाचा दात काढला तर रक्त थांबत नाही.

मी दात काढणार नाही म्हणालो. सासू म्हणाली, मग कशाचे डाक्तर. मला राग आला, पण तिचा नाही. आपली शंका खोटी ठरावी असं वाटत होतं आणि ती ठरणार नाही हेही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून मीच त्यांना पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. रक्त तपासलं. तिथल्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं की निदान बरोबर आहे, आणि करण्यासारखं काही नाही. रक्त चढवलं तर चार दिवस बरं वाटेल. परदेशात औषधं निघाल्याचं वाचतोय, पण आपल्या हाती अजून काही नाही. मग म्हणाले, डेंटिस्ट असून छान पकडलंत. ती शाबासकी माझ्या घशाखाली उतरली नाही.

इलाज नाही हे मी बबनला सांगितलं, पण त्याला ते पटेना.

"सायेब, आमच्या कारखान्यात पेनिसिलीन निघतंय. निमोनिया बरा व्हतो, सडल्याला पाय बरा व्हतो. मंग ह्येच का न्हाई?"

मी समजावलं की ते औषध जंतूंना मारतं. इथे जंतू नाहीत, तिचं स्वतःचंच रक्त फिरलंय. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तिला चाकणला नेऊन पेनिसिलिनची इंजेक्शनं टोचून आणलीच. दोन दिवस ताप उतरला. घरात आनंदीआनंद झाला. मग ताप आला तो पहिल्यापेक्षा जास्त.

मी अधूनमधून सायकलने कुरुळीला जायचो. गुळण्यांचं औषध द्यायचं, कापसाने तोंड साफ करायचं, याखेरीज माझ्याकडे काही नव्हतं. सासूने मिश्री बंद केली होती. हौसाला पेजसुद्धा गिळवत नव्हती. उशीवर रोज रक्त. हिरड्या इतक्या फुगल्या होत्या की ओठ मिटत नव्हते. बाहेर कांद्याच्या गाड्या भरत होत्या, माणसं बोलत होती, आणि ती तोंड उघडं टाकून छताकडे बघत पडलेली असायची. एकदा तिने माझा हात धरला.

"दात काढलं तर त्वांड मिटंल का, डाक्तर? लाज वाटती वं अशी."

मी नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्या दिवशी परत येताना मला माझ्या धंद्याची किळस आली.

शेवटी ती गेली. तेराव्यानंतर बबन दवाखान्यात आला. भांडायला आला असेल असं मला वाटलं. तो बाकावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सायेब, त्या पयल्या दिशी तुमी दात काढलं असतं, तर काय झालं असतं?"

"रक्त थांबलं नसतं. एक-दोन दिवसांत गेली असती."

"लई तरास झाला असता?"

मी खरं ते सांगितलं. "फारसा नाही. अशक्तपणा येत गेला असता, मग शुद्ध हरपली असती."

त्याने मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली.

"मंग काढायचं व्हतं, सायेब," तो म्हणाला आणि उठून गेला.

पुढे हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येक डॉक्टरला मी सांगत आलो की हिरडी स्वच्छ पुसून तिचा रंग बघितल्याशिवाय दाताला चिमटा लावू नका. नियम बरोबर आहे. त्याने पुढे दोघा-तिघांचे जीवही वाचले. हौसाला मात्र त्याने फक्त आणखी दीड महिना दिला.