हेल्मेटखालचा दिवा

माझं माहेर सांगलीजवळ, कृष्णाकाठचं. तिथं हळद पेवात ठेवायची पद्धत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, आतून लिंपलेलं कोठार. तोंडावर फरशी टाकायची आणि फटी मातीनं अशा बुजवायच्या की मुंगीलाही वाट सापडू नये. उघडल्यावर मात्र थेट उतरायचं नाही. आधी दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला तर खाली श्वासापुरतीही हवा नाही. माझे काका एकदा घाईत कंदील न सोडता उतरले आणि वर आले ते चौघांच्या हातांवर. मी लहान होते. त्यांचा चेहरा मला कुणी बघू देत नव्हतं, पण मी बघितला.

सासर साताऱ्याकडचं, घरटी एक फौजी असलेलं गाव. माझा नवराही फौजीच. गेल्या वर्षी गणपतीत त्याला सुट्टी मिळाली आणि मंडळानं त्याला लगेच धरलं. सजीव देखावा करायचा होता, परग्रहावर उतरलेल्या अंतराळवीराचा. पुतळ्यासारखं उभं राहावं तर फौजीनंच, असं सगळ्यांचं मत पडलं. हेल्मेट बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण शिवणकाम करणारीला काहीही करता येतं असा गावाचा समज आहे.

मोठा फुगा फुगवून त्यावर मैद्याच्या खळीत भिजवलेली रद्दी थरावर थर चिकटवली. वाळल्यावर फुगा फोडला, समोर खिडकी कापली आणि तिला पाण्याच्या जुन्या निळ्या जारचा तुकडा बसवला. गळ्याशी सायकलच्या ट्यूबची पट्टी, वरून चंदेरी रंग. झकास दिसत होतं. पण तालमीत धुराचं मशीन लावलं तसा धूर आत शिरला आणि नवरा खोकत सुटला. पोरं खिदळली. झालं, मी हट्टाला पेटले. पुट्टी आणून दिसेल ती फट भरली, गळ्याची ट्यूबही घट्ट केली. उजेडाला धरून बघितलं तर कुठंही कवडसा नाही. फट बुजवणं आमच्या रक्तातच आहे. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पहिल्या दिवशी दिवेलागणीनंतर पडदा उघडला. तोल जाऊ नये म्हणून नवऱ्याला मागच्या खांबाला पट्ट्यानं बांधलं होतं. धूर सुटला, निवेदन सुरू झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढं दोरीला टेकून उभी होते. खोकला नाही, हालचाल नाही, मी खूश.

मग खिडकीवर आतून वाफ दिसली. आधी तोंडापाशी, मग चढत चढत डोळ्यांपर्यंत. चेहरा दिसेनासा झाला. धूर आत जात नाही, तर हवा कुठून जाणार? मी पेव बांधलं होतं आणि कंदील न सोडता माझा माणूस त्यात उतरवला होता.

त्रास झाला तर डावा अंगठा हलवायचा, असं आमचं ठरलं होतं. अंगठा हलत नव्हता. म्हणजे ठीक होतं, की हलवायची शुद्धच नव्हती? पडला असता तर कळलं असतं, पण पट्टा त्याला पडू देणार नव्हता. शेजारची बाई म्हणाली की पापणीसुद्धा हलवत नाही बघा. तिला पापणी कुठली दिसत होती? ओरडावं आणि तो ठीक असला तर देखावा मोडणार. मी नुसती वाफेकडं बघत होते. वाढतेय तोवर श्वास चालू, असं मनाशी म्हणत होते. ती वाढायची थांबली तसा माझा धीर सुटला.

दोरीखालून घुसून मंचावर चढले. हेल्मेट निघेना. ट्यूबमध्ये बोटं घालून ती ताणली आणि सगळं उपसून काढलं. जारचा निळा रंग बाजूला झाला तरी ओठ निळेच होते. क्षणभर मला काकाच दिसले. मग त्यानं आ वासून श्वास घेतला. लोकांना तो देखाव्याचा भाग वाटला, ते हसले.

"अंगठा का न्हाई हलवला?" मी विचारलं.

"आधी म्हणलं, हलायचं न्हाई म्हंजे न्हाई," तो पुटपुटला. "मग हलवाया गेलो, तर हाताला कळंना."

सकाळी दाभण तापवून मी हेल्मेटला मागून आणि वरून भोकं पाडली. मग जमिनीवर पेटती पणती ठेवून तिच्यावर हेल्मेट झाकलं आणि खिडकीतून बघत बसले. ज्योत बारीक झाली, थरथरली, पण तेवत राहिली. त्यानंतर प्रत्येक खेळाआधी मी हे करायची. अंतराळवीराची आरती म्हणून पोरं चिडवायची. चिडवू देत. ज्योत स्थिर होईपर्यंत मी खिडकीवरून नजर काढायची नाही.

शेवटच्या दिवशी गर्दी फार होती आणि ऐन वेळी माचिस सापडेना. अध्यक्ष पडद्याची दोरी धरून उभे होते. रोज बघताच की, आजच्या दिवस राहू द्या, म्हणाले. मी नवऱ्याकडं बघितलं. हुकूम पाळायची सवय असलेला माणूस, आता घालतोय की काय, अशी भीती वाटली.

त्यानं हेल्मेट काखेत घट्ट धरलं.

"दिवा लावल्याबिगर घालत न्हाई," तो म्हणाला, आणि पडदा उघडायच्या आधीच पुतळ्यासारखा उभा राहिला.