शकुनची धुरी

सिहोऱ्याच्या ढिवर मोहल्ल्यात जन्मलेलं लेकरू आधी शकुनच्या मांडीवर यायचं, मग बापाच्या. सकाळी तलावाची मच्छी विकायची आणि ऊन चढलं की घरोघरची बाळं न्हाऊ घालायची, हा तिचा नेम. न्हाणं आटोपलं की दार लोटून शेगडीत ओवा आणि लसणाची सालं टाकायची नि बाळाला धुरी द्यायची. त्या धुरीला कोणी नाव ठेवलं की बाईच्या जिभेला धार यायची.

लेक प्रेरणा बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली. तान्हीला सर्दी झाली तशी शकुनची माया उतू गेली. दोन्ही वेळा धुरी, तीही दुप्पट. पोरीची छाती भात्यासारखी उडू लागली, तेव्हा तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. न्यूमोनिया झाला होता.

काचेपलीकडे नात, तिच्या नाकात नळी. शकुनला घास गोड लागेना. डॉक्टर शुभांगीबाई रागावल्या नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं.

"जंतू बाहेरून आला, आजी," त्या म्हणाल्या. "पण फुप्फुसात राखणदार पेशी असतात. श्वासातून आलेली धूळ, जंतू गिळून टाकायचं त्यांचं काम. बाळ जन्मतं त्या सुमारास त्या तिथं वस्तीला येतात, बाळाएवढ्याच नव्या. धूर गिळण्यातच त्या दमल्या की जंतूला रान मोकळं."

"जाळं शेवाळानं भरलं का मच्छी कायची सापडते," शकुन म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. आपल्याच मायेनं लेकरू गुदमरलं, हे काही केल्या तिच्या गळ्याखाली उतरेना.

पोर बरी होऊन घरी आली, पण शकुन लांबच बसायची. अर्धा मोहल्ला न्हाऊ घातलेले हात नातीला लावायला ती धजेना. आपण मागितली आणि प्रेरणानं पोर मागं ओढली तर, ही धास्ती होती. एका सकाळी प्रेरणानंच पाणी तापवलं आणि पोर आणून तिच्या मांडीवर ठेवली.

"माय, न्हाऊ घाल इले. मले नाई जमत."

"माह्या हातानं?"

"त मंग कोनाच्या?"

शकुनने नातीला न्हाऊ घातलं. मध्येच डोळे भरून यायचे, ते ती खांद्याला पुसायची. मग शेगडी न पेटवताच अंगणातल्या उन्हात येऊन बसली, पोरीला लुगड्याच्या पदरात, छातीशी गुंडाळून. तेवढ्यात शेजारची उर्वशी आपलं बाळ घेऊन आली.

"मावशी, आज धुरी नाई देत?"

"आता कोनालेच नाई देत."

"काहून वं?"

शकुनने नातीच्या छातीवर अलगद हात ठेवला.

"अंदर राखनदार आलेत, लहान लहान. त्याइच्या डोळ्यात धूर जाते."