ग्रीकबाईंचा पाळणा

ग्रीकबाई कुठलाही धर्मसिद्धांत आधी गाऊन पाहत आणि मगच त्यावर बोलत. "जे गाता येत नाही, ते कोणी मनापासून मानलेलं नसतं," असं त्यांचं म्हणणं. एकोणीसशे पन्नासच्या दशकात मुरबाडच्या शाळेत आम्ही दोघी शिक्षिका होतो आणि एकाच घरात शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचो. त्या इंग्रजी शिकवत. उरलेला सगळा वेळ सुरुवातीच्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांच्या गीतांचा. त्यासाठी त्या ग्रीक शिकल्या होत्या, म्हणून गावाने हे नाव ठेवलं.

घरमालकीण जनाकाकू तांदूळ पाखडता पाखडता त्यांचं गाणं ऐकत. "कायच समजत नाय बाई, पन बरा वाटतं," म्हणत. मग बाई शेजारी बसून अर्थ सांगत. त्यांचा लाडका एक जुना पाळणा होता. त्यात मरिया बाळ येशूला निजवताना विचारते, आभाळ मांडणारा तू, माझ्या मांडीवर मावलास कसा?

काकू म्हणाल्या, "आमच्या यशोदेलापन किसनाच्या तोंडात सगला दिसला होता."

"हो, पण यशोदा ते विसरली. हिला विसरता येत नाही," बाई म्हणाल्या. "देव माणूस झाला म्हणजे काय, ते सगळं इथे आहे."

म्हसाच्या जत्रेत मी घोंगडी निवडत होते, तेव्हा बाई भजनाजवळ खिळून उभ्या होत्या. "बुवाकडे नको, मागे ध्रुपद धरणाऱ्यांकडे बघ," त्यांनी मला सांगितलं. "धर्म तिथे ठरतो."

याच विषयावर त्यांनी पुस्तक लिहिलं. ते छापायचं की नाही हे ठरवायला शहरातून एक विद्वान पाद्री आले. पाळण्याचं प्रकरण काढून टाका, म्हणाले. "गाणी म्हणजे भाविकांच्या भावना, बाई. सिद्धांत धर्मपरिषदांनी ठरवले."

"परिषदेला बिशप गेले होते. गाणारे घरीच होते," बाई शांतपणे म्हणाल्या. "परत आल्यावर बिशपांना त्यांनाच पटवायचं होतं. प्रकरण राहील."

पुस्तक परत आलं. काही दिवस घरात गाणं नव्हतं. बाई शाळेत जात, येत, दार लोटून घेत. मग एका सकाळी भिंतीपलीकडून पुन्हा सूर आला. चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, "मी गप्प बसले तर त्यांचंच खरं होईल." आणि पुस्तकाचं आणखी एक प्रकरण लिहायला बसल्या.

दोनतीन वर्षांनी दक्षिणेकडच्या एका धर्मविद्यालयाने त्यांना शिकवायला बोलावलं. एस.टी. स्टँडवर काकूंनी काळजीने विचारलं, "तिकडं तरी गाऊ देतील ना तुमाला?"

"वर्गातच गायचंय काकू. त्याचाच पगार देणार आहेत."

तिथे त्यांनी शेवटपर्यंत शिकवलं. आमची पुन्हा भेट झाली नाही. मी ख्रिस्ती नाही. पण देवळात आरती सुरू झाली की मी आजही आधी शब्द ऐकते, मग गाते. एखादी ओळ पटत नाही. तेवढ्यापुरती मी गप्प राहते.