पत्रकाच्या तळाची अकरा नावं

तुम्हाला न विचारता तुमचं नाव एखाद्या मागणीखाली छापलं आणि गावभर वाटलं, तर तुम्ही काय कराल? आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं: खूश व्हाल. बीएच्या तिसऱ्या वर्षापर्यंत मीही तसंच समजत होते.

माझे वडील शिक्षक. मुरुमजवळच्या आमच्या गावात वाचनालय हवं, शाळेला कुंपण हवं, ताप आल्यावर माणसं दवाखान्याआधी अंगात येणाऱ्या बाबाकडं का जातात, अशा प्रत्येक गोष्टीवर ते पत्रक काढायचे. मी वाचायला शिकले ती या पत्रकांच्या प्रुफांवर. घड्या घालायचं काम माझ्याकडं होतं. मजकूर वडील एका बैठकीत लिहायचे, वेळ लागायचा तो तळाच्या नावांना. मुरुमच्या छापखान्यात बाकावर बसून ते नावं आठवायचे आणि छापखानेवाले काका भर घालायचे.

"गुरुजी, सोसायटीच्या चेअरमनचं राहिलं बघा. रुसंल त्यो."

"घाला. त्याच्या भावाचंबी घाला, न्हायतर आपणच दोघांत लावून दिल्यासारखं व्हईल."

ज्यांची नावं असायची त्यांना पत्रक हातात पडल्यावर कळायचं की आपली अशी अशी मागणी आहे. त्यांच्यापैकी कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. तक्रार करायचे ते राहून गेलेले.

बारावीनंतर मी दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरातल्या ख्रिस्ती विद्यापीठात गेले. विषय तीन: संवादशास्त्र, इंग्रजी आणि इतिहास. शेजारच्या काकूंनी आईला ओट्यावर गाठलं. "कला शाखेला एवढ्या लांब? उमरग्यात कॉलेज न्हाय व्हय? आन् तेबी चर्चचं. पोरगी गळ्यात क्रूस घालून यील, बघा."

"यीना," आई म्हणाली. "सोन्याचा असला तर तुमालाच आधी दावते."

विद्यापीठात दर सोमवारी सकाळी सगळ्यांची सभा भरायची आणि तिची सुरुवात प्रार्थनेनं व्हायची. पहिल्याच आठवड्यात मी आमच्या विभागप्रमुख फादरांच्या खोलीत गेले. वाटेत संविधानासकट भाषण तयार केलं होतं. माझं इंग्रजी तेव्हा अडखळत चालायचं, पण मुद्दा पोचला: मला न विचारता माझ्या तोंडून प्रार्थना का म्हणवून घेता? फादरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बाकीचे उभे राहतात म्हणून तूही उभी राहा. शब्द म्हणायचे की नाही हे तुझं तू ठरव. दुसरं कुणी ठरवणार नाही." निम्मं भाषण पोटातच राहिलं. त्यानंतर मी प्रत्येक सोमवारी तोंड मिटून उभी राहिले आणि कुणी मला कधी टोकलं नाही. वर्गात आणि गावी आल्यावरही हा किस्सा मी तिखटमीठ लावून सांगायचे.

तिसऱ्या वर्षी 'माध्यमं आणि नीती' हा विषय एक सिस्टर शिकवायच्या. त्यांनी प्रकल्प दिला: आपापल्या गावी जा, तिथला एक प्रश्न निवडा आणि लोकांना बरोबर घेऊन त्यावर प्रचाराचं साहित्य तयार करा. सोबत संमतीपत्रांचा गठ्ठा दिला. ज्याचं नाव, फोटो किंवा बोलणं वापराल, त्याची त्यावर सही हवी. मी तो गठ्ठा बॅगेच्या तळाशी घातला. माझं म्हणणं असं की हे कागद कॅमेरा घेऊन खेड्यात उतरणाऱ्या शहरी पोरांसाठी आहेत. मी तर गावचीच होते.

प्रश्न शोधावा लागला नाही. आमच्या गावातून अकरा मुली मुरुमला कॉलेजला जातात. बस सकाळी साडेसहाला आहे आणि कॉलेज भरतं साडेदहाला. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले आणि दहाच्या गाडीची मागणी करणारं पत्रक एका दुपारी लिहून टाकलं. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं: 'स्टँडवर रोज तीन-चार तास कुणाकुणाच्या नजरा झेलत आम्ही बसतो, हे साहेबांना ठाऊक आहे काय?' वडिलांनी वाचलं आणि "धार हाय" एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही. तळाशी 'आम्ही विद्यार्थिनी' असं लिहून मी अकराही नावं घातली. त्या आठवड्यात त्यांतल्या तिघींच्या घरी माझा चहा झाला होता. मी एकीलाही विचारलं नाही.

सुट्टी संपून कॉलेज सुरू झाल्यावर पत्रक वाटलं. प्रकल्पासाठी मी अजून गावातच होते. चौथ्या दिवशी आईनं सांगितलं, "मागच्या आळीतल्या पोरीचं कॉलेज बंद केलंय चुलत्यानं. तुझ्या कागदापायी."

ती बीएच्या दुसऱ्या वर्षाला. तिचे वडील मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने बाहेर असतात, घरचा कारभार चुलते बघतात. त्या घरातून दहावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत दहा दिवसांवर आली होती. फॉर्म राहिला की वर्ष गेलं, आणि एकदा घरी बसलेली मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा कॉलेजला जाईल याची खात्री आमच्याकडं कुणी देत नाही. मी तडक तिच्या घरी गेले. चुलते अंगणात घोंगडीवर बसले होते.

"काका, तुम्ही हे चुकीचं करताय."

"आधी बस." त्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं. "हाटेलात वाचून दावलं मला. कुणाच्या नजरा? नाव सांग. म्या जाऊन बघतो त्येला."

"तसा कुणी एक माणूस नाही, काका. ते सर्वसाधारण लिहिलंय."

"मंग हिच्या नावानं कशापायी लिव्हलंस? हिचा बाप मेंढरांमागं. त्यो आल्यावर इचारंल, माझ्या पोरीला काय झालं, आन् मला सोडून गावाला कसं ठावं? काय सांगू त्येला? सर्वसाधारण?"

ती दारात उभी होती. मला वाटलं, आता ही माझ्या बाजूनं बोलेल.

"अक्का, मला इचारलं असतंस तर म्या नाव दिलं असतं," ती म्हणाली. "काकाला आधी सांगून दिलं असतं. आन् ते नजरांचं काढाय लावलं असतं. आमी स्टँडवर कुठं बसताव? लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसताव."

मी तरीही हटले नाही. मुलींच्या शिक्षणावर आणखी थोडं बोलून घरी आले आणि सिस्टरना फोन लावला. खरं तर गाऱ्हाणं सांगायला: बघा, कसल्या माणसांत काम करावं लागतं. त्यांनी सगळं ऐकलं.

"संमतीपत्रावर तिची सही आहे?"

"नाही."

"बाकी दहा जणींची?"

"नाही. आमच्याकडं असं विचारत नाहीत, सिस्टर. पत्रकावर नाव येणं हा मान असतो."

त्या म्हणाल्या, "पहिल्या वर्षी तू फादरांकडं कशासाठी गेली होतीस?"

उत्तराची वाट न बघता त्या पुढं म्हणाल्या,

"प्रकल्पाचं नंतर बघू. तिच्या फॉर्मची मुदत कधी आहे, ते सांग."

दुसऱ्या दिवशी मी बॅगेच्या तळाचा गठ्ठा काढला, त्यातला मजकूर हातानं मराठीत उतरवला आणि अकरा घरं फिरले. माझं पहिलं वाक्य, "मी तुमच्या मुलीचं नाव न विचारता छापलं, ही माझी चूक." तिघींच्या घरी त्यांनाच कसंतरी झालं, त्यांनी पुन्हा चहा केला. एकीच्या आजोबांनी नातीचं नाव दुसऱ्या पत्रकात सगळ्यांत वर घ्यायला सांगितलं. दोघींनी सांगितलं की आम्हाला यात पडायचंच नाही, आधीही नव्हतं पडायचं. मला ते माहीतच नव्हतं. त्या दोघींशी मी रोज बोलत होते.

मग नवं पत्रक लिहिलं. चारच ओळी: आधीच्या पत्रकावरची विद्यार्थिनींची नावं मी त्यांना न विचारता घातली, नजरांचं वाक्य माझं एकटीचं होतं आणि खोटं होतं, कुणाही मुलीनं अशी तक्रार केलेली नाही, सगळा दोष माझा. वडिलांनी ते वाचून टेबलावर ठेवलं.

"पत्रकात चूक कबूल केली की समोरचा हसतो," ते म्हणाले.

"हसू द्या."

ते माझ्याबरोबर मुरुमला आले नाहीत. छापखानेवाल्या काकांनी कागद उलटून पालटून पाहिला. "खाली एकच नाव? लई मोकळं दिसतंय. गुरुजींचं घालू का?"

"त्यांना विचारा."

काकांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी असा फोन कुणालाच केला नसावा. त्यांनी तो केला, माझ्या चार ओळी मोठ्यानं वाचल्या आणि थांबले. पलीकडून त्या पुन्हा एकदा वाचायला सांगितल्या. "घाला म्हणत्यात," काका म्हणाले.

ते पत्रकही त्याच हॉटेलात वाचलं गेलं. लोक हसले, वडिलांचा अंदाज बरोबर होता. मुदतीच्या दोन दिवस आधी चुलते पुतणीला घेऊन साडेसहाच्या बसनं मुरुमला गेले आणि फॉर्म भरून आले. आता ती रोज जाते. चुलते माझ्याशी अजून बोलत नाहीत. प्रकल्पात मी दोन्ही पत्रकं जोडली.

दहाची गाडी अजून सुरू झालेली नाही. आता नवं निवेदन तयार आहे, त्यावर सात सह्या आहेत आणि त्यांतली एक तिची. बापाला फोनवर सांगून, चुलत्यासमोर केलेली. पायऱ्यांचं वाक्य तिनंच लिहिलंय. चार ओळी कोऱ्या आहेत: यात पडायचं नव्हतं त्या दोघींच्या आणि या वेळी विचारल्यावर नको म्हणालेल्या आणखी दोघींच्या.

हे तुम्ही वाचत असताना तुमच्या गावातही कुणीतरी छापखान्यातल्या बाकावर किंवा मोबाईलवर एखाद्या पत्रकाच्या तळाची नावं आठवत असेल. ते तुम्ही असाल तर उठा. ज्या मुलीचं नाव घालताय तिच्या घरी जा, तिला सगळा मजकूर वाचून दाखवा आणि ती काय म्हणते ते ऐका. ती नको म्हणाली, तर तिची ओळ कोरी सोडा.